सात ते बारा नंबरच्या ताडपत्र्या

"कॅप्टनच्या हलगर्जीपणामुळे बोट बुडाली." चौकशीच्या कागदावर हे असं लिहिलंय आणि खाली तीन साहेबांच्या सह्या आहेत. सुपिरियर सरोवराच्या पाण्याने त्या तिघांपैकी एकाचा तरी बूट कधी ओला झालाय का, विचारा!

मी गुडरुन. या बंदरात बोटींच्या ताडपत्र्या शिवते. नवरा होता तोवर दोघं शिवायचो, आता एकटी. 'मार्कस हॅलम' नवी कोरी आली तेव्हापासून मी तिला ओळखते. सव्वीस वर्षं ती इथून लोखंडाची माती घेऊन खालच्या सरोवरांकडे गेली आणि येताना आमच्या चुलींसाठी कोळसा घेऊन आली. एकदा नाही चुकली. पण कंपनीच्या लांबलचक नव्या बोटी आल्या आणि हिच्यासाठी एक खिळा द्यायचं मालकांच्या जिवावर यायला लागलं. बॉयलरला ठिगळ, तळाला ठिगळ. नाव मात्र मालकाच्या बापाचं! त्या नावाची तरी लाज बाळगायची.

तिच्या पोटात माल ओतायला बारा तोंडं होती. प्रत्येक तोंडावर लाकडी फळ्या, फळ्यांवर ताडपत्री, आणि कडेने पट्ट्या लावून ठोकलेल्या पाचरी. उन्हाळ्यात ताडपत्री कुणीच घालत नाही. लोखंडाच्या मातीला पावसाची कसली भीती? पण नोव्हेंबरात लाटा डेकवर चढतात. तेव्हा ताडपत्री नसेल तर पाणी फळ्यांच्या फटींतून थेट पोटात जातं.

ऑक्टोबरात कॅप्टन हाल्वोर नेस बाराही ताडपत्र्या गाडीवर घालून माझ्याकडे आला. माझ्या नवऱ्याचा दोस्त. साखरेचा खडा दातात धरून कॉफी प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, बघा यांच्यात काही जीव उरलाय का."

"एक ते सहा शिवून देते, भावजी. सात ते बारा कुजल्यात. दाभण घातलं की फाटतंय. नव्या मागवा."

"अहो, मागच्या वर्षापासून मागतोय."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा एजंट प्रुएट स्वतः आला. ताडपत्रीला बोटसुद्धा न लावता म्हणाला, "यंदाची शेवटची खेप आहे, बाई. उन्हाळा लागला की बघू."

"मग लाटांनाही तेव्हाच यायला सांगा!"

तो हसला. हसून निघून गेला मेला.

हाल्वोर सहाच ताडपत्र्या घेऊन गेला. मी म्हटलं, "उतरा की बोटीवरून! कशाला जाता?"

"मी उतरलो तर उद्या दुसरा कॅप्टन उभा करतील, वहिनी. पोरं त्याच्याबरोबर जाणारच. त्याला हिची दुखणी तरी ठाऊक असतील का?"

बोट सुटली आणि पाचव्या दिवशी, नोव्हेंबर लागताच, वादळ आलं. एकवीस माणसं गेली, त्यांतली बहुतेक आमच्या गावची. किनाऱ्याला लागल्या त्या फक्त फुटक्या फळ्या.

चौकशीत प्रुएटने शपथेवर सांगितलं, "बाराही ताडपत्र्या बोटीवर होत्या. कॅप्टनची उन्हाळ्यातली सवय सुटली नाही, त्याने त्या घातल्याच नाहीत." आणि तेव्हा सात ते बारा माझ्या माळ्यावर पडल्या होत्या! प्रत्येकीवर बोटीचं नाव, प्रत्येकीवर नंबर.

त्याच आठवड्यात त्याने त्या 'जुन्या चिंध्या' न्यायला गाडी पाठवली. मी खोटंच सांगितलं, चुलीत घातल्या म्हणून. त्याचा जीव भांड्यात पडला असणार, कारण लगेच कंपनीच्या तीन बोटींचं काम माझ्या दारात येऊन पडलं. ते का आलंय हे मला कळत होतं. तरी मी घेतलं. हो, घेतलं! गप्प राहून शिवत बसले. प्रुएटला शिव्या घालताना मला माझंही नाव गाळता येत नाही.

इकडे गाव हाल्वोरच्या बायकोवर तुटून पडलं. दुकानात सिग्रिड शिरली की बायका पाठ फिरवायच्या. बेरितचा एकुलता एक निल्स त्याच बोटीवर कोळसा ओढायला होता. ती तर सिग्रिडच्या उंबऱ्यावर थुंकून आली. सिग्रिडने चर्चला येणं सोडलं.

मग एका दुपारी ती माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "गुडरुन, तुला बोटींतलं कळतं. खरं सांग, त्याने... खरंच घातल्या नव्हत्या का गं?"

अरे कंपनीवाल्यांनो, माणूस नेलात, बोट नेलीत, आता त्याच्या बायकोच्या मनातूनही त्याला उतरवताय? मी सिग्रिडला हाताला धरून माळ्यावर नेलं आणि सगळं दाखवलं. ती नंबर सातवर बसून रडली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवारी चर्च सुटायच्या आधी मी माळ्यावरच्या सहाही ताडपत्र्या समोरच्या कुंपणावर ओळीने टांगल्या. माणसं बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. प्रुएट घाईघाईने पुढे आला. "कचरा आहे हा! काढा आधी!"

"कचराच आहे. म्हणून तर नव्या मागितल्या होत्या. इथे सगळ्यांसमोर सांगा, काय म्हणाला होतात मला?"

गर्दीतून बेरित पुढे आली. तिने नऊ नंबरच्या भोकात हात घातला. तो कोपरापर्यंत आरपार गेला.

"या कधीपासून आहेत तुझ्याकडे?"

"ऑक्टोबरापासून."

"आणि तू तोंड शिवून बसलीस?"

"बसले."

तिने फाडकन माझ्या थोबाडीत मारली. सगळ्या गावासमोर. बरोबरच केलं. मग तिने नऊ नंबर कुंपणावरून खेचून काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"धर. सिग्रिडकडे जायचंय. तिच्या उंबऱ्यावर थुंकलेय मी, एकटीने जायचं तोंड नाही मला."