हयवदनला ताप आला होता

खट्ट आवाज करून भाड्याच्या व्हीसीआरनं कॅसेट गिळली, तेव्हा कुठं खोलीतली माणसं हलली. तोवर सगळे श्वास धरून बसले होते. रविवारची दुपार, चिकपेटेतली दुकानं बंद, खाली गल्लीत हातगाडीचं चाकसुद्धा वाजत नव्हतं. रम्यानं मैत्रेयीला मांडीवर ओढलं आणि पदराच्या टोकानं तिचं नाक पुसलं. पोर पाच वर्षांची. पण आजची कॅसेट नुसती मजा म्हणून बघायची नाही, एवढं तिलाही उमगलं होतं.

तशी ती कॅसेट मजेचीच. रम्याच्या नणंदेच्या, वीणाच्या लग्नाची. कमळं उमलत होती, त्यातून सोनेरी अक्षरं बाहेर पडत होती, आणि कॅसेट घेऊन आलेला व्हिडिओवाला त्रिविक्रम मुलाचं कौतुक सांगावं तसा सांगत होता, "बघा तुंगक्का, एवढं रिच मिक्सिंग मी अख्ख्या सीझनमध्ये कुणाचं केलं नाही."

सासूबाई, तुंगाबाई, पदरानं चष्मा पुसत राहिल्या. त्यांच्या पलीकडे रम्याचा धाकटा दीर हयवदन बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि मान जराशी वळवलेली. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं म्हणून उजवा कान टीव्हीकडे.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्यामुलाला देवळातून वाजतगाजत छत्रात, म्हणजे कार्यालयात, आणत होते. मागं फुलांनी मढवलेली गाडी, मध्ये बँड, बँडच्या बाजूनं त्रिविक्रमचा कॅमेरा आणि त्याच्या पोऱ्यानं उंच धरलेला झगझगीत दिवा. सगळ्यांच्या पुढं रस्ता मोकळा करत हयवदन, आणि त्याच्या खांद्यावर मैत्रेयी. समोरून पोलिसांची जीप आली. बँडवाल्यांना बाजूला व्हायला जरा उशीर झाला, गुन्हा तो एवढाच. सब-इन्स्पेक्टर उतरला तो शिव्या देतच. हयवदन म्हणाला, "स्वल्प थांबा सर, पोरीला खाली उतरवतो." पोरीला उतरवू दिलं, ही त्या माणसाची मेहेरबानी. मग कानफटात, आणि मग काठी. रम्या आरतीचं ताट घेऊन छत्राच्या पायरीवर उभी होती. हातातलं ताट खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. बँड वाजतच होता. मागच्या गाडीतल्या व्याह्यांना वाटलं, ट्रॅफिक अडलंय.

हयवदनला जीपमध्ये कोंबून नेलं. जामिनावर सुटून आला तो असा. वर केस: म्हणे ड्यूटीवरच्या पोलिसावर त्यानंच हात उचलला! दुकानात कापडावर सरळ रेघेत कात्री चालवणारा हा मुलगा. हात आधीच मोडलेला, आता तुरुंगही दिसायला लागला. आप्पाजी वकील म्हणाले, "खाकीपुढं घरच्यांचा शब्द टिकत नाही. बाहेरचं कुणी आणा." रम्याचा नवरा अनिलकुमार दारोदार फिरला. ज्यांच्या पायरीपुढं ते घडलं, ते दुकानदार तराजूकडं बघत म्हणाले, "नोडिल्ला अण्णा." पाहिलं नाही.

तेव्हा रम्याला तो दिवा आठवला. दिवा होता म्हणजे कॅमेरा चालू होता. लग्नाचा कॅमेरा म्हणून सब-इन्स्पेक्टरनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"वहिनी, तुझ्या डोक्याला तूप लावलं पाहिजे!" असं हयवदन म्हणाला, आणि त्या दिवशी घरी आल्यापासून पहिल्यांदा दुसरी भाकरी मागून घेतली.

त्रिविक्रम लग्नं शूट करत गावोगाव फिरत होता. रम्यानं त्याच्या दुकानात निरोप ठेवला, कॅसेट लवकर द्या. कशाला, ते सांगितलं नाही. चिकपेटेत भिंतीला भिंत लागून. पोलीस स्टेशनपर्यंत बातमी जायला कितीसा वेळ?

आज कॅसेट आली होती. उद्या वकिलाकडे द्यायची.

पडद्यावर देऊळ आलं. नवरामुलगा आला, त्याची टोपी वाऱ्यानं उडाली. बँड. हयवदनच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटणारी मैत्रेयी.

"मी! अम्मा, मी!"

"हो गं सोन्या. थांब हं." रम्याचा आवाज तिलाच परका वाटला. "आता. आता येईल बघा."

पडद्याच्या कडेला जीपचे दिवे चमकले. आणि बरोब्बर मधोमध एक लाल गुलाब उमलला. उमलत उमलत त्यानं रस्ता, जीप, हयवदन, सगळं झाकून टाकलं. गुलाब मिटला तर आत वीणा आरशासमोर बसून कानात झुमके घालत होती. मागं सनई.

"मागं घ्या," हयवदन म्हणाला.

त्रिविक्रमनं मागं घेतलं. पुन्हा जीपचे दिवे. पुन्हा गुलाब.

"गुलाबाच्या खालचं कुठंय?" रम्यानं विचारलं.

"खालचं म्हणजे?"

"जीप आली, त्यानंतरचं. मारलं ते."

त्रिविक्रमनं एकदा तुंगाबाईंकडं पाहिलं, एकदा प्लास्टरकडं. "तुंगक्कांनीच तर दुसऱ्या दिवशी मांडवात सांगितलं. ते अशुभ तेवढं काढून टाक, म्हणाल्या. मी म्हटलं, सरी, काढतो."

सगळे सासूबाईंकडं वळले. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मला वाटलं, संध्याकाळपर्यंत सोडतील," त्या म्हणाल्या. "दोन चापट्या देऊन सोडतात ना रे सगळ्यांना? व्याह्यांना मी सांगून बसले होते, हयवदनला ताप आलाय, निजलाय. त्यांच्या घरी ही कॅसेट जाणार, पै-पाहुणे जमून बघणार. पोरीला पहिल्याच महिन्यात ऐकून घ्यावं लागलं असतं, पोलिसांनी धरलेल्याची बहीण म्हणून. तुमचं कॅसेटचं ठरलं तेव्हा सांगायला तोंड उघडेना; वाटलं, विसरलाही असेल तो काढायला."

"असू दे, असू दे," रम्या घाईनं म्हणाली. "मूळ कॅसेट असेलच ना? शूटिंगची?"

"मूळ कॅसेट काय लोणच्यासारखी मुरवत ठेवू अक्का?" त्रिविक्रम सवयीनं हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. "मिक्सिंग झालं की तिच्यावरच पुढचं शूट करतो. सगळेच करतात. तुमच्यावर... हेब्बाळची एक मुंज आहे आता."



"तुम्ही स्वतः पाहिलंत ना?" रम्या म्हणाली. "कोर्टात तेवढं सांगा. फक्त जे पाहिलं ते."

"अक्का, कॅमेऱ्याच्या त्या भोकातून सगळं इवलंसं दिसतं, काळं-पांढरं. कोण कुणाला काय..." तो व्हीसीआरच्या वायरीकडं बघत बोलत होता. "माझं दुकान त्याच रस्त्यावर आहे, अक्का. रोज जीप जाते पुढून." चहा न घेताच तो उठला. जिन्यात त्याच्या चपला वाजल्या, मग त्याही थांबल्या.

कॅसेट बंद करायचं कुणाला सुचलं नाही. लग्न लागलं, होम झाला. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दटावायचं आणि मानाचं उपरणं घ्यायचं. पडद्यावर हयवदनच्या जागी चुलतभाऊ वाकला होता. त्यानं कान असा पिळला की नवरदेव "आईगं!" म्हणून ओरडला आणि अख्खा मांडव हसला.

हयवदनचा हात नकळत स्वतःच्या डाव्या कानाकडं गेला. ज्यानं कान पिळायचा, त्याचाच कान गेला होता.

"बघ आई," तो म्हणाला, "आता कॅसेटच सांगते, गुलाबानंतर मी कुठंच नव्हतो. ताप आला होता मला. कोर्टात हेच दाखवू, सुटतो की नाही बघ."

तुंगाबाई उठल्या, त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि खरंच ताप बघावा तसा त्यांनी त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. हात तिथंच राहिला. रम्याला त्यांच्यावर रागवायचं होतं. तोंडाशी शब्द आलेही होते. पण त्या तळव्याकडं बघता बघता ते कुठं विरघळले ते कळलं नाही. वकिलाला काय सांगायचं, याचा विचार करायला तिनं डोळे मिटले, आणि तिथंही तो गुलाबच उमलत राहिला.

मैत्रेयी मांडीवरून उतरली. टीव्हीपाशी जाऊन तिनं काचेला बोट लावलं, मागं वाकून पाहिलं, आणि परत येऊन आईची हनुवटी दोन्ही हातांनी स्वतःकडं वळवली.

"अम्मा, काकाला मारलं ते मी बघितलंय ना?"

"हो राणी."

"अजून दिसतं मला. डोळे मिटले की रोज दिसतं."

"मला माहीत आहे गं."

"मग माझ्या डोळ्यांतलं ते टीव्हीत कसं घालायचं?"