देवाच्या पाठीवरचं शेवाळ

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अंबाबाईनं देवराईतला देव काथ्यानं घासला. भीमाशंकराच्या रानातल्या त्या वाडीत सणाआधी घरची भांडी घासून निघतात तसा देवही निघतो. यंदा तिनं पाठसुद्धा सोडली नाही. घरी येऊन पाय धुताना तिला वृषाली आठवली आणि तांब्या हातातच राहिला.

वृषाली पुण्याची, शेवाळांचा अभ्यास करणारी. पावसाळ्यात तिनं राईतली दोन शेवाळं दाखवली होती. एक हिरड्याच्या खोडावरचं, दुसरं देवाच्या पाठीवरचं. ओली असली की सख्ख्या बहिणी. वाळली की खोडावरचं मुठीसारखं आवळतं, देवावरचं विंचरल्या केसांसारखं सरळ राहतं. दोन्ही संपत चाललीत, म्हणाली होती. त्यातलं देवावरचं तर तिला दुसऱ्या कुठल्याच राईत सापडलं नव्हतं. दोन्ही शेजारी ठेवून बघायला ती उद्याच येणार होती.

रात्री तिनं नवऱ्याला, सोमाजीला, ते सांगितलं. देवाची हजामत केलीस, आता पोरीला काय दाखवशील, असं तो चेष्टेनं बोलून गेला. तिला हसू आलं नाही.

सकाळी वृषाली राईत आली तशी अंबाबाईनं सगळं सांगून टाकलं. पोरगी उघड्या दगडाकडं बघत राहिली.

"मावशी, खरवडलेलं कुठं टाकलं?"

"टाकतीय कुठं? राईतली काडीबी आमी भाईर नेत न्हाई. हिरड्याच्या बुडाशी ठिवलं."

देवावरचं बरंचसं काथ्यानं चुरलं होतं, आणि बुडाशी हिरड्याचं गळालेलं शेवाळही पडलेलं होतं. दवानं सगळं एकसारखं हिरवंगार. दोघींनी ते उन्हाच्या कवडशात पसरलं आणि बसल्या. एक पुंजका आवळला. मग दुसरा, तिसरा. अंबाबाई मनातल्या मनात देवाची माफी मागत होती. कडेचा एक एवढासा पुंजका मात्र वाळूनही सरळच राहिला. वृषालीनं भिंग लावलं आणि मान डोलावली, देवावरचंच होतं.

अंबाबाईनं तो पुंजका देवाच्या पाठीवरच्या भेगेत दाबून बसवला. मूळ धरेल का, तिनं विचारलं. पुढच्या पावसाळ्याशिवाय सांगता येणार नाही, वृषाली म्हणाली.

तेवढ्यात सोमाजी तेल-शेंदराची वाटी घेऊन आला. अंबाबाई आडवी आली.

"शेंदूर निस्ता तोंडाला लावा. पाठ पारोशी ऱ्हाऊ द्या."

सोमाजी देवाच्या तोंडाकडं वळला. तो लावत होता तोवर तिचा अंगठा त्या भेगेवरच होता. जरा उचलून बघायची, परत दाबायची.