पितळी आरशावरचे खळगे

मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. बुवा आख्यानाला उभे राहतात, तसा आज मी उभा आहे. गोष्ट माझीच आहे, आणि ती सांगताना माझं पितळ अजून थरथरतं.

मी एक जुना पितळी आरसा आहे. जोयड्याच्या रानातल्या एका देवळात, गाभाऱ्याच्या भिंतीला तिरका बसवलेला. मला झिलू मूर्तिकाराने घडवलं. गाभाऱ्यात फक्त नागू गुरव जाई. बाहेर एका अंगाला उभ्या राहणाऱ्या बायकांना अंधारात देवी दिसतच नसे. झिलू म्हणे, "दगड जागा अडवतो, पितळ जागा उघडतं." भाताच्या तुसाच्या राखेने त्याने मला महिनाभर घासलं. मग समईचा उजेड माझ्यावर पडला आणि बायकांना पहिल्यांदा देवीचं मुख दिसलं. केवढं कौतुक झालं माझं!

एके सकाळी काशी कौल लावायला आली. तिचा नवरा यशवंत कॅसलरॉकला रेल्वेच्या कामावर गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. ना निरोप, ना ठावठिकाणा. नागूने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर यशवंत जिवंत. डावी पडली तर काशीने आशा सोडायची.

कळी पडली. काशीने माझ्यात पाहिलं. डावी! दोन्ही हात तिने उंबऱ्यावर आपटले. बांगड्या फुटल्या.

नागू हसतच बाहेर आला. "काशे, उजवा दिला गो आईनं. जित्ता हाय तुजा दादला..."

त्याची नजर तिच्या हातांवर गेली. बायका काशीभोवती जमल्या. माझ्यात उजवं ते डावं दिसतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"आरशात उलटं दिसतं, मला ठावं हुतं," मागे उभा असलेला झिलू पुढे आला. "माज्या कामाच्या कौतिकात सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

म्हातारी इंदुबाई आपली बांगडी काढू लागली. "रडतीस काय, काशे? एकेक काढा गो समद्या. हिचं हात बघा, कुळव धरून कसं झाल्यात. माजी चढंल का न्हाई, द्येवीलाच ठावं."

काशी रडता रडता हसली. तिचे हात पुन्हा भरले.

पुन्हा कुणी माझ्यात पाहून कौल वाचू नये म्हणून त्याच दुपारी झिलूने मला उतरवलं आणि आपल्या सर्वांत सुंदर कामावर हातोडी चालवली. मी खळग्यांनी भरून पुन्हा भिंतीवर आलो. आता माझ्यात उजेड दिसतो, रूप दिसत नाही. पोरं मला कुरूप म्हणतात. यशवंत परत आला का, ते मला विचारू नका. समोर कोण उभं आहे, हेच मला कळत नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना तिचा गुण सांगाल, तशी तिची खोडही सांगा. आणि कुठल्या देवळात ठोके पडलेलं पितळ दिसलं, तर हसू नका. हात जोडाल तेव्हा माझ्या झिलूची आठवण ठेवा.