सतरा मेची मिरवणूक

सतरा मेच्या, म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाच्या, आठवड्यात ऑस्लोत खोली शोधायची म्हणजे खिशाला स्वतःच्या हातानं कात्री लावणं. तोरगुननं ती शोधलीच नाही. उत्तरेकडच्या वेगा बेटावरून ती आणि तिची नणंद बोर्गहिल्ड आधी बोटीत आणि मग रात्रभर आगगाडीत अवघडून बसून राजधानीत आल्या आणि थेट धक्क्यावरच्या एका जुन्या लाकडी बोटीत उतरल्या. बोट बोर्गहिल्डच्या वर्गमित्राची, इंगवाल्डची. भाड्याऐवजी त्यानं घरच्या वाळवलेल्या कॉड माशांचा एक जुडगा मागितला होता.

"शहरात आलो आणि झोपायचं पुन्हा बोटीतच!" बोर्गहिल्ड कुरकुरली. "वहिनी, सुनेला एक फोन केला असतास तर गादीवर झोपलो असतो."

"सून कुठली आता, वन्सं?"

तोरगुनच्या मुलाचा, स्टायनरचा, काडीमोड होऊन दोन वर्षं झाली होती. तो जहाजावर निघून गेला. सून विबेके लेकीला, एम्ब्लाला, घेऊन ऑस्लोतच राहिली. नातीसाठी तोरगुन नाताळला स्वेटर विणून पाठवायची. फोनवर आभार यायचे, पण 'या' असं कधी आलं नाही. एम्ब्ला शाळेच्या बँडमध्ये कॉर्नेट, ते छोट्या तुतारीसारखं वाद्य, वाजवते, हेसुद्धा तिला स्टायनरकडून कळलं होतं. ते कळलं त्याच दिवशी तिनं ठरवलं. सतरा मेला शहरातल्या साऱ्या शाळा राजवाड्याकडे मिरवत जातात. त्या रस्त्याला ना तिकीट लागतं, ना आमंत्रण.

"मला कुणाच्या दाराशी उभं राहायचं नाही," ती म्हणाली. "रस्ता सगळ्यांचा असतो."

सकाळी पावसाची भुरभुर होती. बोटीच्या बुटक्या खोलीत दोघींनी वाकून वाकून आपापले बुनाड चढवले. निळ्या लोकरीच्या त्या झग्यावरचं भरतकाम तोरगुननं कितीतरी हिवाळे बसून केलं होतं. चांदीची पिन लावताना बोर्गहिल्डचं डोकं तुळईला आपटलं आणि सणाच्या दिवशी तोंडातून निघू नये ते निघालं. उतरताना फळी निसटली आणि तोरगुनचा एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला.

"जन्म कोळ्याच्या घरात गेला आणि बोटीतून उतरता येईना!" बोर्गहिल्ड पोट धरून हसली. मग काळजीनं म्हणाली, "अगं, ओल्या झग्यानं जाणार?"

"झगा ओला झाला, डोळे नाही. मला दिसेल." तोरगुननं घेर पिळला आणि चालू लागली. बुटातलं पाणी पावलागणिक पचपच करत होतं.

रस्त्याच्या कडेला त्यांनी पहिल्या रांगेत जागा धरली. बोर्गहिल्ड सॉसेजच्या गाडीपर्यंत जाऊन रिकाम्या हातानं परत आली. "त्या किमतीत आमच्याकडे अख्खं डुक्कर येतं," म्हणत तिनं पिशवीतून लोणी लावलेली लेफ्से, घरची मऊ पोळी, काढली. एक उंच गृहस्थ फोन उंचावत पुढे घुसायला लागला.

"दादा, मी आगगाडीत रात्र काढून आलेय," तोरगुन वळून म्हणाली. "तुम्ही दोन पावलं मागे राहून काढा फोटो." तो मुकाट मागे सरकला.

शाळांमागून शाळा गेल्या. एम्ब्लाच्या शाळेचं निशाण दिसलं आणि तोरगुन टाचा उंचावून पाहू लागली. बँड रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं येत होता. मुलांची तोंडंही तिकडेच. आणि तिकडे, दोरीला टेकून, विबेके उभी होती.

दोघींची नजरानजर झाली. तोरगुननं मान खाली घातली नाही.

विबेके दोरीवरून पुढे झुकली. मग तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बँडच्याही वर आवाज चढवून ओरडली, "एम्ब्ला! तिकडे बघ, पलीकडे! आजी आलीय!"

पोरीनं कॉर्नेट न सोडता मान वळवली. सूर घसरला, शेजारच्या मुलानं डोळे वटारले. एम्ब्ला लालबुंद होऊन हसत, फुंकत पुढे गेली. तोरगुन झेंडा हलवायचा विसरली.

मिरवणूक संपल्यावर विबेकेच रस्ता ओलांडून आली.

"कळवलं असतंत, आई."

"कळवलं असतं आणि तू नको म्हणाली असतीस तर? मग मला घरीच बसावं लागलं असतं."

विबेके जवळ सरकली. "मला वाटायचं, तुम्ही त्याच्या बाजूनं."

"पोटचा पोर आहे तो, बाजू घेणारच. पण त्यानं तुला तसं टाकून जायला नको होतं, हे त्याला मी तोंडावर सांगितलंय."

विबेकेच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरी चला ना. पाय किती भिजलाय तुमचा."

"येईन. आज मात्र तुम्ही दोघी आमच्याकडे यायचं."

"तुमच्याकडे? कुठे?"

"बोटीत!" बोर्गहिल्ड म्हणाली. "डोकं सांभाळून या म्हणजे झालं."

त्या दुपारी चौघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. शेगडीवर कॉफी उकळत होती, दोरीवर ओला झगा वाळत होता आणि एम्ब्ला वाळल्या माशावर तुटून पडली होती. तिनं रात्री तिथेच राहायचा हट्ट धरला. विबेकेनं एकवार तोरगुनकडे पाहिलं आणि 'बरं' म्हणाली.

सकाळी ती लेकीला न्यायला आली ती गरम पाव घेऊनच. उन्हाळ्यात वेगाला यायला कुठली बोट धरायची, ते तिनं आल्या आल्या बोर्गहिल्डला विचारून घेतलं.