मधला आकडा

आकडा दिला तेव्हा वहिनीला जराही शंका आली नव्हती, हीच तर खरी गोम. नणंद एका यानावर बसवायचं यंत्र बनवत होती. ते जाणार होतं दूरच्या, गोठलेल्या ग्रहाकडे. तिथल्या हवेत ऊन एक वायू तोडतं आणि त्यातून दुसराच घडतो. हा दुसरा किती असेल, ते वहिनीचं संगणकावरचं मॉडेल सांगणार होतं. नणंदेनं लाडीगोडी लावून मागितलं होतं, "एकच आकडा दे ना वहिनी. तुझी ती शंभर 'कदाचित' नकोत."

आता तिथल्या थंडीत ऊन तो वायू किती वेगानं तोडतं, हे कुणी मोजलंय? कुणाच्या बापानंही नाही. होती ती सगळी मोजमापं खोलीतल्या उबेत केलेली. म्हणून वहिनीनं रीतसर तो वेग कमीजास्त करत मॉडेल शेकडो वेळा चालवलं, सरासरी काढली आणि दिली पाठवून.

एकेक उत्तर तिनं पाहिलं ते नंतर, आलेख काढताना. निम्म्या वेळा वायू भरमसाट, निम्म्या वेळा जवळपास नाहीच, आणि मधे एकही उत्तर नाही. तिनं नेमका तो मधला आकडा दिला होता. त्यावर बेतलेलं यंत्र जास्त वायूत आंधळं होणार होतं आणि वायू कमी असला तर त्याला तो दिसणारच नव्हता.

सांगायला हवं होतं. पण नणंद इतकी खुशीत, की उद्या सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला. मन खात होतं, तोंड मात्र उघडेना. अहो, एका वाक्याचं काम!

त्या संध्याकाळी नणंद मिरवतच घरी आली. यंत्र सीलबंद झालं होतं. तिच्या इंजिनिअरनं म्हणे यंत्राची मोजायची रेंज रुंद ठेवायचा हट्ट धरला होता. हिनं त्याला भर मीटिंगमध्ये झापलं, माझ्या वहिनीचा आकडा आहे, तो चुकत नाही. बिचारा मान खाली घालून बसला. सांगताना ती पोट धरून हसली.

वहिनीनं हातातलं ताट ओट्यावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. त्या आठवड्यासकट.

नणंदेनं फोन काढला, इंजिनिअरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून मधे ठेवला.

"त्याची माफी मी मागते," ती म्हणाली. "आठवड्याचं तू सांग."

पलीकडून इंजिनिअरचा आवाज आला, चांगला हसरा. "बसवला हो मॅडम, तुमच्या वहिनींचाच आकडा बसवला. आता तरी भांडू नका."

वहिनीनं फोन जवळ ओढला.