काचेवर राहिलेली अबेना

मी एक जुना स्कॅनर आहे. मित्रांनो, माझी काच डागाळलेली दिसते म्हणून लगेच फडकं शोधू नका. तो डाग नाही. ती बाई आहे, आणि दिवा विझला तरी ती माझ्याकडे बघतच असते.

नवा होतो तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा! कोणताही फोटो आपोआप उजळ करण्याची कला माझ्या अंगी होती. पुण्याहून संशोधनासाठी आलेल्या भार्गवीने मला विषुववृत्ताजवळच्या या बेटावर, क्वीन्सटाउन भागातल्या फ्लॅटमध्ये आणलं. स्थळांना पाठवायचे तिचे फोटो मी असे गोरे केले, की तिच्या आईने माझं तोंडभरून कौतुक केलं. मी फुशारून गेलो.

त्याच फ्लॅटमध्ये घानाची चित्रकार एफुआ राहायची. कृष्णवर्णीय माणसांचे चेहरे यंत्रांना कसे दिसतात, हा तिच्या कामाचा विषय होता. प्रदर्शनासाठी तिला आपल्या वारलेल्या आईचा, अबेनाचा, फोटो हवा होता. काळाभोर चेहरा, मागे अंधारी भिंत. जगात तेवढा एकच फोटो होता. एफुआ बाहेर गेली असताना भार्गवीने हौसेने तो माझ्यावर पालथा ठेवला. पडद्यावर भलतीच फिकट बाई उमटली.

“बघ, तुझी आई किती उजळ दिसतेय!” एफुआ परतताच भार्गवी म्हणाली.

“उजळ म्हणजे?”

“म्हणजे ब्राइट... फेअर...” भार्गवी अडखळली. “म्हणजे, सुंदर.”

“ही माझी आई नाही,” एफुआ म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

त्या अबोल्यात फोटो माझ्या झाकणाखालीच राहिला. इथली हवा फार दमट. काही दिवसांनी एफुआने तो सोडवायला घेतला, तर हातात पांढरा कागद आला. आईचा चेहरा माझ्या काचेला चिकटून राहिला होता.

भार्गवीने माझं उजळ करणं बंद केलं आणि मला पुन्हा चालवलं. पडद्यावर आधी नुसता काळोख. दोघी बघत राहिल्या. हळूहळू त्यातून कपाळ वेगळं झालं, मग गाल, मग डोळे. त्या काळ्यात इतके रंग असतात हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

“मा,” एफुआ म्हणाली.

“आता काच पुसू?” भार्गवीने विचारलं.

“नको. तिला राहू दे.”

भार्गवीने नंतर स्वतःचे फोटोही आहेत त्या रंगात पुण्याला पाठवले. त्यांचं कौतुक काही आलं नाही.

आता मी एफुआच्या प्रदर्शनात असतो. मुलं काचेवर हात ठेवतात आणि कागदावर त्या हातांच्या मधोमध अबेना उमटते. खरं सांगतो, मला तिची भीती वाटते. पण फडक्याची भीती त्याहून मोठी आहे. मित्रांनो, कुणाचा चेहरा दिसत नसेल तर त्याला उजळू नका. आपल्या डोळ्यांना थोडा वेळ द्या.

परवा शाळेच्या गणवेशातली एक मुलगी रुमाल घेऊनच आली. “आंटी, ग्लास सो डर्टी लाह!” ती इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली.

“डर्टी नाही. ती माझी आई आहे,” एफुआ म्हणाली.

मुलीने पटकन रुमाल खिशात कोंबला. मग माझ्यावर वाकून ती हळूच म्हणाली, “सॉरी, आंटी.”