नालासुराचा फ्लेक्स

अन्नपूर्णा रोडच्या मागे एक गल्ली आहे. तिच्या तोंडाशी नाला, आणि नाल्यावर एक स्लॅब होता. बोअरिंगचा ट्रक त्यावरून गेला. ट्रक पुढे निघून गेला, स्लॅब खाली गेला. गल्लीचं दुसरं टोक एका उंच भिंतीला जाऊन थांबतं, म्हणजे आत-बाहेर करायला वाट ती एकच. तरुण मंडळी उड्या मारून जाऊ लागली, पोरांना खेळ मिळाला, आणि म्हाताऱ्या माणसांनी मनाशी ठरवून टाकलं की बाहेर तसंही आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

मंजुळाबाईंनी मात्र असं काही ठरवलं नव्हतं. जन्म नर्सच्या नोकरीत काढलेली बाई. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. दर रविवारी सकाळी बुद्धविहारात जाऊन मुलांना वंदना शिकवायची, हा त्यांचा नेम. स्लॅब पडल्यापासून त्या दर रविवारी पांढरी साडी नेसून नाल्यापर्यंत जात, पलीकडे बघत, आणि परत येऊन तीच साडी नेसून दिवसभर बसून राहत.

त्यांचा मुलगा प्रशिक याचं फ्लेक्स छापायचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. त्यामुळे ती पांढरी साडी त्याला दिवसभर दिसत राही.

"आई, मी उचलून नेतो ना तुला."

"मी काय गव्हाचं पोतं आहे? विहारात मी माझ्या पायांनी जाते."

मग त्याने नाल्यावर जाड फळ्या टाकून दिल्या. दुसऱ्या दिवशी वॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, गोपीनाथजी यांची माणसं येऊन त्या उचलून घेऊन गेली. का, तर फळीवरून कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची? फळी नसताना पडलेल्याची जबाबदारी पडणाऱ्याची, हा हिशेब त्यांचा पक्का होता.

गोपीनाथजी वाईट माणूस नव्हते. लग्न, मुंज, तेरावं, कुठेही बोलावण्याआधी हजर. नाल्याचं म्हणाल, तर तो त्यांना कधी आडवा आलाच नव्हता. ते गल्लीत यायचे तेव्हा दोन कार्यकर्ते त्यांना काखेत हात घालून उचलायचे आणि अलगद पलीकडे ठेवायचे. बोलता बोलता. वाक्यसुद्धा तुटायचं नाही.

गल्लीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर यतीन नावाचे प्राध्यापक भाड्याने राहत. साताऱ्याहून नोकरीसाठी आलेले, शुद्ध मराठीत अर्ज लिहिणारे. त्यांनी एक दिवस मोबाईलवर बातम्या दाखवणाऱ्या पोराला बोलावून आणलं आणि गोपीनाथजींना ऐन नाल्यावर, म्हणजे कार्यकर्त्यांच्या हातांवर हवेत असतानाच गाठलं.

"स्लॅब कधी पडणार, ते सांगा."

"पडला ना," गोपीनाथजी म्हणाले.

"नवीन कधी टाकणार?"

गोपीनाथजींनी खाली बघितलं. खाली काळं पाणी होतं आणि त्यात एक बुडबुडा आला. कॅमेरा चालू होता, काहीतरी बोलणं भाग होतं.

"हे बघा सर, घाई नाही करायची. अंदर कुछ है. तपास चालू आहे. जनतेने जवळ जाऊ नये."

संध्याकाळी त्या 'कुछ'ला डोळे आले होते. दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीत शेपूट आलं, तिसऱ्या मुलाखतीत नाव आलं: नालासुर. स्लॅबचा विषय कोणी काढला की गोपीनाथजी आवाज खाली आणून विचारत, "आणि मजूर आत उतरले आणि त्याने धरले तर? तुम्ही जाल का त्यांच्या घरी सांगायला?" मजूर खूश होते. कामावर न जायला इतकं भक्कम कारण त्यांना आजवर कोणी दिलं नव्हतं.

"असुर म्हणे," मंजुळाबाई घरात म्हणाल्या. "असुरांशी आपलं तसं काही भांडण नाही. आपलं भांडण स्लॅबचं आहे."

आठवडा उलटायच्या आत गोपीनाथजी दुकानात आले. म्हणजे आणून ठेवले गेले.

"प्रशिक भिया, एक मोठा फ्लेक्स लागेल. जनजागृती. नालासुर से सावधान."

"भिया, स्लॅबचं काय?"

"पहिले जनजागृती, मग स्लॅब. सगळं लाईनीत येतं रे, टेन्शन नको घेऊ. फोटो पाहिजे त्याचा."

"कोणाचा?"

"नालासुराचा. तू आर्टिस्ट ना?"

प्रशिकने काढला. धड घोरपडीचं, शिंगं म्हशीची. डोळे काही केल्या भयंकर होईनात. गोपीनाथजींनीच सुचवल्यावरून ते मोठे केले, तर आणखीच प्रेमळ दिसायला लागले.

आता फ्लेक्सवाल्यांची एक पद्धत असते. ते कोऱ्या पाटीवर काही करत नाहीत. गोपीनाथजींचा वाढदिवसाचा फ्लेक्स तयार असतो, त्यातच मजकूर बदलून दिवाळी होते, होळी होते, कोणाच्या तरी नियुक्तीचं अभिनंदन होतं. मध्ये ज्याचा सत्कार तो, त्याच्यामागे सोनेरी किरणं, वरून गुलाबाच्या पाकळ्या, बाजूला हात जोडलेले गोपीनाथजी, खाली कार्यकर्त्यांचे चेहरे. प्रशिकने मध्ये नालासुर बसवला. किरणं काढून टाकायची होती. पण तेवढ्यात देवांश आणि बाकीचे कार्यकर्ते आले.

"माझा फोटो कुठे आहे?" एकाने विचारलं.

"अहो, हा राक्षसाचा फ्लेक्स आहे."

"असू दे ना. देवांशचा आहे, माझा नाही? लोक काय समजतील, मला काढलं म्हणून?"

फ्लेक्सवरून चेहरा जाणं म्हणजे काय, हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. एकाचा घेतला म्हणून दुसऱ्याचा घ्यावा लागला, दुसऱ्याच्या मेव्हण्याचा घ्यावा लागला. चेहरे वाढत गेले तसा खालचा मजकूर आकसत गेला. 'नालासुर' हे नाव मोठ्या लाल अक्षरांत होतं, त्याला हात लावायची सोय नव्हती. मग 'से सावधान' बारीक झालं, आणखी बारीक झालं, आणि शेवटी कोणाच्या तरी गॉगलशेजारी, औषधाच्या बाटलीवर तारीख असते तसं जाऊन बसलं. किरणांचं राहूनच गेलं.

फ्लेक्स गल्लीच्या तोंडाशी, नाल्याशेजारी लागला. गोपीनाथजी त्यावर नालासुराला मनःपूर्वक नमस्कार करत होते.

पहिल्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितलं आणि सवयीने हात जोडले. पार्षद वाकतोय म्हणजे वरचाच कोणी असणार. दुसऱ्या दिवशी हार आला. शेजारच्या सुनीताबाईंना माहीत होतं की हा राक्षस आहे, तरी त्यांनी फ्लेक्सच्या दोरीत एक अर्ज खोचून दिला: गल्लीतला दिवा बंद आहे. प्रशिकने विचारलं तर म्हणाल्या, "अरे, माणसांना देऊन बघितला की. याला देऊन बघायला काय जातंय?"

पालिकेचा दिव्यांचा माणूस दुसऱ्याच कामाने तिथून जात होता. त्याने किरणं बघितली, पाकळ्या बघितल्या, चेहऱ्यांची गर्दी बघितली, खोचलेला अर्ज वाचला आणि शिडी लावली. एवढी माणसं ज्याच्या मागे आहेत त्याच्याशी कोण वैर घेईल?

दिवा लागला आणि नालासुराचं बस्तान बसलं. पाण्याच्या दाबाचा अर्ज आला, मोकाट गुरांचा आला, एका बाईने मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशाचा दिला. यतीन सरांनी बरेच दिवस तत्त्वाने दम धरला. मग एका सकाळी इकडेतिकडे बघून त्यांनीही आपला स्लॅबचा अर्ज दोरीत सरकवला, शुद्ध मराठीतला, वर 'माननीय' लिहून.

गोपीनाथजी धावत आले. घाई इतकी होती की नाला त्यांनी स्वतः उडी मारून ओलांडला आणि एक चप्पल आत गेली.

"काढ तो फ्लेक्स! आत्ताच्या आत्ता! वरून फोन आला मला. विचारतात, तुमच्या वॉर्डात हा नवीन कोण उभा राहिलाय? तिकीट मागतोय का?"

प्रशिकने हातातलं काम खाली ठेवलं. फ्लेक्स उतरवायला दोन दोऱ्या कापायच्या होत्या, बस. पण तो उतरला की नालासुर जाणार, नालासुर गेला की गोपीनाथजी निर्धास्त होणार, आणि निर्धास्त पार्षदाकडून स्लॅब मिळाल्याचं गल्लीला तरी आठवत नव्हतं. आत पांढऱ्या साडीचा पदर हलला.

"काढतो ना भिया. पण मग लोकांना सांगावं लागेल, नालासुर नाहीच म्हणून."

"नाही कसा? सगळ्या मुलाखतींत मी सांगितलं, आपल्या डोळ्यांनी बघितला!"

"मग आहे म्हणा."

"आहे म्हटलं तर तिकीट तो घेऊन जाईल!"

गोपीनाथजी एका चपलेवर खुर्चीत बसले. आतून काठीचा आवाज आला आणि मंजुळाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गोपीनाथ, लहानपणी इंजेक्शनला घाबरून टेबलाखाली बसायचास, आठवतं? मी तुला ओढून काढायची."

"मावशी, आत्ता काय ते..."

"ऐक. त्याला नाही म्हणू नकोस, मारूही नकोस. मारलास तर उद्या लोक विचारतील, आता काय काम आहे तुला? त्याला बंद कर. वर चांगला जाड स्लॅब टाक. आत तो, वर तू."

गोपीनाथजींनी दाराबाहेर नाल्याकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर किरणं आली, जवळजवळ फ्लेक्सवर होती तशीच.

"नालासुर बंधन समारोह," ते हळूच म्हणाले. "प्रशिक, लिही."

मजुरांची भीती एका आदेशाने गेली. सळ्या आल्या, गिट्टी आली, आणि स्लॅब इतका जाड पडला की ट्रकने फिरून विचार करावा. समारंभ रविवारी सकाळी ठेवला. गोपीनाथजींनी फीत कापली, भाषण केलं, राक्षस पायाखाली कोंडल्याचं जाहीर केलं आणि कार्यकर्त्यांना म्हणाले, "चला, पहिलं पाऊल टाका."

कोणी टाकेना. इतके दिवस घरोघर जाऊन घाबरवता घाबरवता त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. देवांश म्हणाला, "भिया, पहिला मान तुमचा." गोपीनाथजींनी सवयीने दोन्ही काखा वर केल्या, उचलायला कोणी पुढे आलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत पांढरी साडी पुढे आली. मंजुळाबाईंनी काठी स्लॅबवर दोनदा ठोकून बघितली आणि चालू लागल्या. मध्यावर येऊन थांबल्या. गर्दी एक पाऊल मागे सरली. त्यांनी फक्त पदर सारखा केला आणि पलीकडे निघून गेल्या. विहारात मुलं थांबली असतील, उशीर झाला होता. प्रशिकने फोटो काढायला मोबाईल वर धरला होता; फोटो काढायचं तो विसरला.

दुपारी यतीन सर दुकानात आले. थोडा वेळ शाईच्या डब्यांवरची लेबलं वाचत उभे राहिले.

"आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर एक खड्डा आहे," ते शेवटी म्हणाले. "कित्येक अर्ज केले. अडचण अशी आहे, की त्यात कोणीच राहत नाही."

प्रशिकने जुनी फाईल उघडली. किरणं, पाकळ्या, सगळं जागच्या जागी होतं.

"शिंगं हीच ठेवू, की दुसरी लावू?"

मंजुळाबाई विहारातून परतत होत्या. दारातच थांबून त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"शिंगं कशीही लाव," त्या म्हणाल्या. "डोळे मात्र तेच राहू दे. चांगलं काम केलं त्याने."